साध्या डिव्हाइस ड्रायव्हरची जडणघडण : युनिक्स ते लिनक्स – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

संगणकाच्या इतिहासाचे लेखन बहुतांशी यंत्रांच्या, कंपन्यांच्या आणि त्यांच्या संस्थापकांच्या नावांभोवती फिरताना दिसते. प्रोसेसरचा वेग किती वाढला, यंत्राचा आकार किती घटला, कोणत्या वर्षी कोणते उत्पादन बाजारात आले, यांची नोंद तत्परतेने होते. यंत्र आणि ते वापरणारी आज्ञावली यांच्या मधोमध उभा असलेला मजकूर मात्र इतिहासाच्या कक्षेत सहसा येत नाही. डिव्हाइस ड्रायव्हर हा असाच एक मजकूर होय.

ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. संगणकाची मेमरी, प्रोसेसरचा वेळ आणि संगणकास जोडलेली उपकरणे यांच्यावर कर्नलचा ताबा असतो. परंतु कळफलक, डिस्क, प्रिंटर या प्रत्येक उपकरणाची चाल निराळी असते. त्या त्या उपकरणाची चाल जाणणारा आणि कर्नलच्या मागणीनुसार ते उपकरण चालवणारा जो भाग, तो ड्रायव्हर. ड्रायव्हर लिहिण्यास प्रारंभ करणारा विद्यार्थी प्रथम एक रिकामा ड्रायव्हर लिहितो. हा ड्रायव्हर कर्नलमध्ये दाखल होतो, स्वतःची नोंद करतो आणि सांगितल्यावर बाहेर पडतो. यापलीकडे त्यास काही करता येत नाही. पुढे त्यात उघडणे, वाचणे, लिहिणे आणि बंद करणे या मूलभूत क्रिया घातल्या की तो उपयोगी ठरतो.

हा धडा वरकरणी निव्वळ तांत्रिक वाटतो. तथापि त्यातून काही ऐतिहासिक प्रश्न उपस्थित होतात. नेमक्या याच क्रिया का? त्या कोणी व केव्हा ठरवल्या? आणि ड्रायव्हरमध्ये एखादी क्रिया नव्याने घालण्याची मुभा कोणाला होती, कोणाला नव्हती? प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा कालक्रमाने मागोवा घेतला आहे. ड्रायव्हरमधील मूलभूत क्रिया हा यंत्र आणि आज्ञावली यांच्यातील एक करार असून, तो करार टिकून राहण्यामागे आणि पिढ्यान्‌पिढ्या शिकवला जाण्यामागे मूळ संहिता वाचण्याची मोकळीक हे कारण निर्णायक ठरले, हे येथे दाखवावयाचे आहे.

यंत्रागणिक निराळी आज्ञावली

१९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात संगणकावर आज्ञावली लिहिणाऱ्यास उपकरणांचे व्यवहार बहुधा स्वतःच पाहावे लागत. छिद्रित पत्रे वाचणारे यंत्र केव्हा सुरू करावयाचे, त्याचे काम पुरे झाले की नाही हे कसे तपासावयाचे, छपाई यंत्रास पुढची ओळ केव्हा द्यावयाची, या सूचना गणिताच्या मूळ कामातच मिसळलेल्या असत. उपकरण बदलले की आज्ञावली बदलावी लागे. कालांतराने अशा सूचनांचे तयार संच उपलब्ध होऊ लागले आणि उत्पादकही यंत्रासोबत ते पुरवू लागले. यामुळे श्रम वाचले. परंतु प्रत्येक उपकरणाकरिता वेगळी पद्धत शिकण्याची गरज पुरती संपली नाही.

उपकरणाच्या तपशिलापासून आज्ञावलीस मोकळे करावे, हा विचार १९६० च्या दशकात बळावला. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल प्रयोगशाळा यांनी एकत्र येऊन हाती घेतलेल्या मल्टिक्स प्रकल्पात या विचारास महत्त्वाचे स्थान होते. मात्र प्रकल्पाचा पसारा वाढत गेला आणि १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेने त्यातून अंग काढून घेतले. तेथील केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी त्यानंतर पीडीपी-७ या लहान संगणकावर जी प्रणाली उभी केली, तीच पुढे युनिक्स या नावाने प्रसिद्धीस आली. मल्टिक्सचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. साधनसामग्री मात्र तुटपुंजी होती. युनिक्सच्या रचनेतील काटकसरीचे मूळ या परिस्थितीत शोधता येते.

यंत्र हीच फाईल

३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख असलेल्या युनिक्सच्या पहिल्या मार्गदर्शिकेत एक संपूर्ण विभाग विशेष फाईलींना दिलेला आढळतो. कागदी फीत वाचणारे यंत्र, डिस्क, चुंबकीय फीत, टंकयंत्रासारखे टर्मिनल, इतकेच नव्हे तर संगणकाची मेमरीसुद्धा येथे फाईलच्या रूपाने समोर येते. या सर्वांची नावे ‘डेव्ह’ नामक निर्देशिकेत ठेवलेली असत. साधी फाईल ज्या आज्ञांनी उघडावयाची आणि वाचावयाची, त्याच आज्ञांनी यंत्रही उघडावयाचे आणि वाचावयाचे.

जुलै १९७४ मध्ये रिची आणि थॉम्पसन यांचा युनिक्सविषयीचा लेख अमेरिकेतील संगणकतज्ज्ञांच्या प्रमुख नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात या व्यवस्थेचे तीन लाभ मांडले आहेत. एक, फाईल आणि उपकरण यांच्याशी होणारा व्यवहार शक्य तितका सारखा राहतो. दोन, दोहोंच्या नावांची रचना व अर्थ समान असल्यामुळे फाईलचे नाव अपेक्षिणाऱ्या आज्ञावलीस उपकरणाचे नावही देता येते. तीन, फाईलींचे संरक्षण करणारे नियमच उपकरणांना लागू पडतात. यांतील तिसरा लाभ प्रशासनाच्या दृष्टीने मोलाचा आहे. डिस्कवर कोणी लिहावे आणि कोणी लिहू नये, याकरिता स्वतंत्र यंत्रणेची गरज उरत नाही.

हा करार अमलात कसा येतो, हे १९७५ मध्ये बाहेर पडलेल्या युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत स्वच्छ दिसते. तत्पूर्वी १९७३ मध्ये कर्नल ‘सी’ भाषेत नव्याने लिहिले गेले होते. सहाव्या आवृत्तीत उपकरणांचे दोन गट केलेले आहेत. डिस्कसारखी ठराविक आकाराच्या तुकड्यांनी व्यवहार करणारी उपकरणे एका गटात, तर टर्मिनल वा प्रिंटर यांसारखी अक्षरांच्या ओघाने व्यवहार करणारी उपकरणे दुसऱ्या गटात येतात. दुसऱ्या गटासाठी कर्नलमध्ये एक तक्ता असून त्यातील प्रत्येक ओळ एका ड्रायव्हरची असते. ओळीत पाच रकाने असतात : उघडणे, बंद करणे, वाचणे, लिहिणे आणि टर्मिनलसारख्या उपकरणाची स्थिती पाहणे अथवा बदलणे. विशेष फाईलवर दोन क्रमांक नोंदवलेले असतात. मुख्य क्रमांकावरून तक्त्यातील ओळ ठरते आणि गौण क्रमांकावरून त्या ड्रायव्हरच्या ताब्यातील नेमके उपकरण ठरते.

एखादी क्रिया उपकरणाला लागू नसेल तर काय करावयाचे? याचे उत्तर दोन छोट्या फंक्शनांनी दिलेले आहे. पहिले काहीही न करता यशस्वी परत येते; दुसरे चूक झाल्याची नोंद करून परत येते. प्रिंटरच्या ओळीत उघडणे, बंद करणे आणि लिहिणे या रकान्यांत प्रिंटरची स्वतःची फंक्शने आहेत, परंतु वाचण्याच्या रकान्यात चूक नोंदवणारे फंक्शन आहे; कारण प्रिंटरकडून वाचण्याजोगे काही नसते. मेमरीच्या ओळीत उघडणे आणि बंद करणे येथे काहीच न करणारे फंक्शन आहे. कारण मेमरी सुरू करावी लागत नाही. अशा रीतीने ड्रायव्हर लिहिणे म्हणजे तक्त्याचे रकाने समजून भरणे, असे स्वरूप या कामास प्राप्त झाले.

रिकाम्या यंत्राचा ड्रायव्हर

सर्वांत साधा ड्रायव्हर कोणता, असे विचारल्यास ‘नल’ या विशेष फाईलकडे बोट दाखवावे लागेल. तिच्यामागे कोणतेही यंत्र नाही. तिच्यात जे लिहावे ते नाहीसे होते आणि तिच्यातून वाचू गेल्यास काहीच हाती लागत नाही. आज्ञावलीचे नको असलेले उत्तर टाकून देण्यासाठी ती वापरली जाते.

सहाव्या आवृत्तीत ‘नल’साठी स्वतंत्र ड्रायव्हर नाही. मेमरीच्या ड्रायव्हरमध्येच गौण क्रमांक ० म्हणजे संगणकाची मेमरी, १ म्हणजे कर्नलची मेमरी आणि २ म्हणजे ‘नल’ अशी वाटणी आहे. वाचण्याचे फंक्शन गौण क्रमांक २ दिसताच तत्काळ परत फिरते. एकही अक्षर दिले गेले नाही, याचा अर्थ वाचणारी आज्ञावली ‘फाईल संपली’ असा घेते. लिहिण्याचे फंक्शन याहून किंचित अधिक काम करते. ते शिल्लक अक्षरांची संख्या शून्यावर आणते. लिहिणाऱ्या आज्ञावलीची समजूत अशी होते की दिलेली सर्व अक्षरे स्वीकारली गेली.

या दोन फंक्शनांतील फरक शिकवण्याच्या दृष्टीने फार उपयुक्त आहे. लिहिण्याचे फंक्शनही वाचण्याप्रमाणे नुसतेच परत फिरले असते, तर लिहिणाऱ्यास आपले एकही अक्षर घेतले गेले नाही असे वाटले असते, आणि उरलेले पुन्हा लिहू पाहणारी आज्ञावली कायमची अडकून पडली असती. यावरून असे स्पष्ट होते की, ड्रायव्हरची क्रिया म्हणजे केवळ यंत्राची हालचाल नव्हे. किती मागितले होते, किती दिले गेले आणि संपले की नाही, याचा खरा हिशेब मागणाऱ्यास देणे हा तिचा गाभा आहे. यंत्रच नसतानाही हिशेब द्यावाच लागतो.

या कराराचे टिकाऊपण लक्षणीय आहे. लिनक्सच्या कर्नलमध्येही ‘नल’चा ड्रायव्हर मेमरीच्या ड्रायव्हरसोबत, त्याच नावाच्या फाईलीत आढळतो. वाचण्याचे फंक्शन शून्य परत करते. लिहिण्याचे फंक्शन जितके लिहावयास दिले तितकी संख्या परत करते. लिनक्सची संहिता स्वतंत्रपणे लिहिली गेली आणि मधल्या काळात यंत्रे तर ओळखू न येण्याइतकी बदलली. परंतु करार तोच राहिला.

वर्गात आलेली आणि वर्गाबाहेर गेलेली संहिता

एखादा करार टिकतो तो नुसत्या गुणवत्तेवर नव्हे. तो जाणणारी माणसे सतत तयार व्हावी लागतात. या संदर्भात ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचे जॉन लायन्स यांचे कार्य विशेष उल्लेखनीय आहे. त्यांनी १९७६-७७ च्या सुमारास आपल्या विद्यार्थ्यांसाठी दोन पुस्तिका तयार केल्या. एकीत सहाव्या आवृत्तीच्या कर्नलची सुमारे ९,००० ओळींची संहिता होती, तर दुसरीत त्या संहितेवरील भाष्य होते. एखाद्या प्राचीन ग्रंथावर टीका लिहावी त्या पद्धतीने लायन्स यांनी कर्नलचा अर्थ उलगडला. एका माणसाला एका सत्रात अथपासून इतिपर्यंत वाचता येईल असे खरे, वापरातले कर्नल विद्यार्थ्यांच्या हाती आले.

ही स्थिती फार काळ राहिली नाही. १९७९ मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीच्या परवान्याने मूळ संहिता वर्गात शिकवण्यास मनाई केली. बेल प्रयोगशाळेची मालक असलेली एटी अँड टी कंपनी युनिक्सकडे आता व्यापारी मालमत्ता म्हणून पाहू लागली होती. लायन्स यांच्या पुस्तिका उघडपणे प्रसिद्ध होऊ शकल्या नाहीत. मात्र त्यांच्या छायाप्रतींच्या छायाप्रती अभ्यासकांत हातोहात फिरत राहिल्या. अधिकृत प्रकाशनास १९९६ साल उजाडावे लागले. दोन वर्षांनी, १९९८ मध्ये, लायन्स यांचे निधन झाले.

या मनाईचा एक परिणाम अनपेक्षित होता. ॲम्स्टरडॅम येथील अँड्र्यू टॅनेनबाम यांना विद्यार्थ्यांसमोर ठेवण्यास खरे कर्नल उरले नाही. म्हणून त्यांनी युनिक्ससारखी परंतु संपूर्णपणे नव्याने लिहिलेली मिनिक्स ही लहान प्रणाली तयार केली आणि १९८७ मध्ये पाठ्यपुस्तकासह ती प्रसिद्ध केली. अध्यापनाच्या गरजेतून जन्मलेल्या या प्रणालीचा पुढील घटनांशी थेट संबंध आहे.

प्रिंटरचा प्रसंग

संहिता वाचण्याची मोकळीक नसल्यास काय घडते, याचे बहुचर्चित उदाहरण १९८० च्या सुमारास मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत घडले. तेथील रिचर्ड स्टॉलमन यांनी आपल्या व्याख्यानांतून ते अनेकदा सांगितले आहे. प्रयोगशाळेतील जुन्या प्रिंटरची आज्ञावली उपलब्ध असल्याने स्टॉलमन यांनी तीत एक लहानशी सोय केली होती. कागद अडकला की ज्यांची छपाई खोळंबली आहे त्यांना संगणकावर तसा निरोप जाई. कोणीतरी उठून कागद मोकळा करी आणि काम सुरू होई.

पुढे झेरॉक्स कंपनीकडून प्रयोगशाळेस नवा लेसर प्रिंटर मिळाला. तो वेगवान होता. परंतु त्याच्या आज्ञावलीची संहिता सोबत दिलेली नव्हती. कागद अडकण्याचा दोष कायम होता, उपाय ठाऊक होता, तो करणारा माणूसही तयार होता. तरीही ती सोय घालणे शक्य झाले नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठातील ज्या संशोधकाकडे संहिता होती त्यांच्याकडे स्टॉलमन यांनी ती मागितली असता, गोपनीयतेचा करार केलेला असल्याने नकार मिळाला.

येथे तांत्रिक अडचण शून्य होती, ही बाब ध्यानात घेण्यासारखी आहे. अडचण होती ती हक्काची. स्टॉलमन यांनी २७ सप्टेंबर १९८३ रोजी जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन झाले. १९८९ मध्ये जनरल पब्लिक लायसन्सची पहिली आणि जून १९९१ मध्ये दुसरी आवृत्ती आली. आज्ञावली वापरण्याचा, वाचण्याचा, बदलण्याचा आणि वाटण्याचा हक्क पुढील प्रत्येक वापरकर्त्याकडे जावा, हे या परवान्याचे सूत्र होय. प्रिंटरच्या प्रसंगातून हे सर्व एकाएकी निर्माण झाले असे म्हणणे इतिहासाचे अतिसुलभीकरण ठरेल. परंतु ड्रायव्हरसारख्या आज्ञावलीत एक साधी क्रिया घालता न येणे हा प्रश्न या चळवळीच्या मुळाशी होता, हे नाकारता येत नाही.

हेलसिंकी येथील प्रारंभ

२५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठातील २१ वर्षांचे विद्यार्थी लिनस टॉरवल्ड्स यांनी मिनिक्सच्या वापरकर्त्यांना उद्देशून एक निवेदन केले. ३८६ प्रोसेसर असलेल्या संगणकासाठी आपण हौसेखातर एक प्रणाली लिहीत आहोत, असे त्यात कळवले होते. ही प्रणाली एटी प्रकारच्या हार्डडिस्कखेरीज अन्य डिस्कवर बहुधा कधीच चालणार नाही, कारण आपल्यापाशी तेवढीच आहे, अशी कबुलीही त्यांनी दिली होती. एका माणसाच्या टेबलावर जे यंत्र होते, त्याच यंत्राचे ड्रायव्हर त्या कर्नलमध्ये होते.

हे भाकीत खोटे ठरले आणि त्यामागे परवान्याचा वाटा मोठा होता. प्रारंभीच्या परवान्यात पैसे घेऊन वाटप करण्यास मनाई होती. जानेवारी १९९२ मधील ०.१२ या आवृत्तीसोबत टॉरवल्ड्स यांनी जनरल पब्लिक लायसन्स स्वीकारत असल्याचे कळवले. ज्याच्यापाशी निराळे यंत्र होते त्याने त्याचा ड्रायव्हर लिहावा आणि तो सर्वांच्या उपयोगी पडावा, ही प्रथा त्यातून रुजली. २०२० च्या आरंभी लिनक्सच्या संहितेच्या ओळींची संख्या २ कोटी ७० लाखांच्या पुढे गेली होती आणि त्यांतील निम्म्याहून अधिक ओळी ड्रायव्हरांच्या होत्या.

अध्यापनाच्या दृष्टीने आणखी एक बदल महत्त्वाचा ठरला. मार्च १९९५ मधील १.२ या आवृत्तीत मॉड्यूलची सोय स्थिरावली. तोपर्यंत ड्रायव्हर कर्नलमध्ये शिवलेला असे. त्यात एक ओळ बदलली तरी कर्नल पुन्हा बांधून संगणक पुन्हा सुरू करावा लागे. मॉड्यूलमुळे चालू कर्नलमध्ये ड्रायव्हर घालणे आणि काढणे शक्य झाले. रिकामा ड्रायव्हर लिहावा, दाखल करून पाहावा, काढावा, एक क्रिया घालावी, पुन्हा दाखल करावा, ही आजच्या प्रयोगवर्गातील पद्धत या सोयीमुळेच शक्य झाली.

‘स्कल’ : एका पाठाचा इतिहास

या पद्धतीला ग्रंथरूप दिले ते ॲलेसांद्रो रुबिनी यांच्या ‘लिनक्स डिव्हाइस ड्रायव्हर्स’ या पुस्तकाने. त्याची पहिली आवृत्ती १९९८ मध्ये आली. २००१ मधील दुसऱ्या आवृत्तीस जोनाथन कॉर्बेट आणि २००५ मधील तिसऱ्या आवृत्तीस त्यांच्यासह ग्रेग क्रोआ-हार्टमन सहलेखक होते. पुस्तकाचा मोठा भाग ‘स्कल’ नावाच्या एका साध्या ड्रायव्हरभोवती गुंफलेला आहे. ‘स्कल’ कोणतेही खरे उपकरण चालवत नाही. तो मेमरीचा एक भाग घेतो आणि तेच जणू उपकरण आहे असे वागतो. त्यामुळे विशिष्ट यंत्र विकत न घेता कोणालाही ड्रायव्हर शिकता येतो.

‘स्कल’मध्ये क्रिया एकेक करून घातल्या जातात. उघडण्याच्या क्रियेत, गौण क्रमांकाशी निगडित उपकरण कोणते हे शोधून त्याचा धागा पुढच्या क्रियांसाठी जपून ठेवला जातो आणि केवळ लिहिण्यासाठी उघडले असल्यास जुना मजकूर पुसला जातो. वाचण्याच्या क्रियेत कर्नलच्या मेमरीतील मजकूर मागणाऱ्याच्या मेमरीत नेला जातो. मागणाऱ्याने दिलेला पत्ता खरा आहे असे येथे गृहीत धरता येत नाही. कर्नलच्या वेशीवर आलेल्या प्रत्येक पत्त्याची झडती घ्यावी लागते. अन्यथा एखादी सामान्य आज्ञावली कर्नलच्या गुपितांपर्यंत पोहोचू शकेल. म्हणून ही ने-आण त्यासाठीच ठेवलेल्या फंक्शनांद्वारे होते आणि पत्ता अवैध निघाल्यास ठराविक त्रुटी परत केली जाते. शून्याहून मोठी संख्या म्हणजे इतके वाचले, शून्य म्हणजे संपले आणि ऋण संख्या म्हणजे चूक, हा हिशेब ‘नल’च्या हिशेबाचाच विस्तार आहे.

सहाव्या आवृत्तीतील तक्त्याशी असलेले साम्यही येथे नजरेत भरते. लिनक्समध्ये पाच रकान्यांच्या जागी क्रियांची एक मोठी यादी असते. ड्रायव्हरने त्यातील आपल्याला हव्या तेवढ्याच भरावयाच्या. उघडण्याची जागा रिकामी असल्यास उघडणे यशस्वी मानले जाते. वाचण्याची जागा रिकामी असल्यास चूक परत येते. १९७५ मध्ये दोन छोट्या फंक्शनांनी जे केले, तेच येथे रिकाम्या जागेच्या अर्थाने केले जाते.

तिसऱ्या आवृत्तीत मात्र एक नवा विषय ठळकपणे येतो. लिहिताना ‘स्कल’ प्रथम पाहतो की हव्या त्या ठिकाणी मेमरी घेतलेली आहे काय. नसल्यास ती घेतो. दोन प्रक्रियांनी एकाच क्षणी हे पाहिले तर दोघींनाही जागा रिकामी दिसेल, दोघीही मेमरी घेतील आणि एकीने घेतलेल्या मेमरीचा पत्ता दुसरीच्या पत्त्याखाली पुसला जाईल. ती मेमरी कोणालाही परत मिळणार नाही. एका वेळी एकच प्रक्रिया आत जाईल असे कुलूप लावणे हा त्यावरचा उपाय आहे. एकाच प्रोसेसरच्या काळात असे प्रसंग विरळ होते. जून १९९६ मधील २.० आवृत्तीत अनेक प्रोसेसरांचा आधार आला, तेव्हा आरंभी सर्व कर्नलला मिळून एकच मोठे कुलूप होते. ते हळूहळू मोडीत काढून जागोजागी लहान कुलपे बसवण्याचे काम मे २०११ मधील २.६.३९ या आवृत्तीपर्यंत चालले. मूलभूत क्रिया त्याच राहिल्या. त्या सुरक्षितपणे पार पाडण्याची जबाबदारी मात्र ड्रायव्हर लिहिणाऱ्यावर येऊन पडली.

कराराच्या मर्यादा

फाईलचा करार सर्वत्र पुरेसा ठरला असे नाही. सीरियल पोर्टचा वेग बदलणे किंवा डिस्क बाहेर काढणे ही कामे वाचणे-लिहिणे यांत बसत नाहीत. सहाव्या आवृत्तीतील टर्मिनलसाठीचा पाचवा रकाना सातव्या आवृत्तीत सर्व उपकरणांसाठी खुला करण्यात आला आणि त्यास ‘आयओसीटीएल’ हे नाव मिळाले. जे अन्यत्र बसत नाही ते या दाराने आत येऊ लागले. प्रत्येक ड्रायव्हरने आपापले आज्ञा-क्रमांक ठरवल्यामुळे, करारामुळे आलेली एकवाक्यता येथे बरीच ढासळली. नेटवर्क कार्डे तर या करारात आलीच नाहीत. १९८३ मधील बर्कली युनिक्सच्या ४.२ आवृत्तीने रूढ केलेल्या सॉकेटच्या मार्गाने त्यांचा व्यवहार होतो आणि ‘डेव्ह’ निर्देशिकेत ती दिसत नाहीत.

दुसरी मर्यादा सुरक्षिततेची आहे. ड्रायव्हर कर्नलच्या आत, कर्नलच्याच अधिकाराने चालतो; त्यामुळे त्यातील चूक सर्व प्रणालीस बुडवू शकते. जानेवारी १९९२ मध्ये टॅनेनबाम आणि टॉरवल्ड्स यांच्यात झालेल्या जाहीर वादात सर्व काही एकाच कर्नलमध्ये असावे की नाही, हाच मुद्दा होता. २००१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी लिनक्सच्या संहितेची यांत्रिक तपासणी केली असता, काही प्रकारच्या चुकांचे प्रमाण ड्रायव्हरांमध्ये उर्वरित कर्नलच्या तीन ते सात पट असल्याचे दिसून आले. संहिता खुली होती म्हणूनच हे मोजमाप शक्य झाले, हेही येथे नमूद करणे आवश्यक आहे. डिसेंबर २०२२ मधील ६.१ या आवृत्तीत रस्ट भाषेला प्राथमिक आधार देण्यात आला, त्यामागे मेमरीच्या चुका आरंभीच रोखण्याचा हेतू होता.

तिसरी मर्यादा हक्काची असून ती प्रिंटरच्या प्रसंगाची आठवण करून देते. सर्वच उत्पादकांनी आपल्या ड्रायव्हरांची संहिता खुली केली नाही. २००१ मध्ये, २.४ या मालिकेत, मॉड्यूलने आपला परवाना जाहीर करण्याची पद्धत आली आणि बंद मॉड्यूल दाखल होताच कर्नलवर तशी खूण होऊ लागली. मे २०२२ मध्ये एनव्हिडिया कंपनीने आपल्या ग्राफिक्स प्रोसेसरांची कर्नल मॉड्यूले खुल्या परवान्याखाली प्रसिद्ध केली. तथापि त्यांचा बराच कार्यभाग उपकरणातच असलेल्या बंद फर्मवेअरकडे सोपवलेला आहे. वाचता येणाऱ्या मजकुराची सीमा पुढे सरकली असली, तरी सीमा संपलेली नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. साध्या ड्रायव्हरमध्ये घातल्या जाणाऱ्या मूलभूत क्रिया यंत्राच्या स्वभावातून आपोआप निघालेल्या नाहीत. १९६९ ते १९७५ या काळात, तुटपुंज्या साधनांत एका प्रयोगशाळेने केलेल्या निवडीचे ते फळ आहे.

२. या कराराचे बळ यंत्र चालवण्यात जितके आहे तितकेच प्रामाणिक हिशेब देण्यात आहे. ‘नल’ या यंत्रविरहित उपकरणाच्या ड्रायव्हरमध्ये ते सर्वांत शुद्ध रूपात दिसते.

३. कराराचा प्रसार अध्यापनातून झाला. लायन्स यांचे भाष्य, टॅनेनबाम यांची मिनिक्स आणि रुबिनी व त्यांच्या सहलेखकांचा ‘स्कल’ हे या परंपरेतील तीन टप्पे होत. यांतील पहिला टप्पा परवान्याच्या एका कलमाने खंडित झाला, हा अनुभव शिक्षणसंस्थांनी विसरण्याजोगा नाही.

४. क्रिया घालता येणे हे कौशल्याइतकेच हक्कावर अवलंबून असते. कौशल्य असूनही हक्क नसल्यास अडकलेल्या कागदाचा निरोपही देता येत नाही.

‘लिनक्स डिव्हाइस ड्रायव्हर्स’ची तिसरी आवृत्ती खुल्या परवान्याखाली विनामूल्य वाचता येते, आणि लिनक्सची संहिताही. तीतील काही फंक्शनांची रूपे आता बदलली आहेत. उदाहरणार्थ, ‘आयओसीटीएल’ची त्या पुस्तकातील जुनी जागा २०१० मधील २.६.३६ या आवृत्तीत काढून टाकण्यात आली. त्यामुळे ‘स्कल’ आजच्या कर्नलवर चालवण्यासाठी विद्यार्थ्यास तो दुरुस्त करावा लागतो. हा दोष न मानता अध्यापनाची संधी मानणे उचित ठरेल. कारण जुनी संहिता वाचणे, तिचा करार ओळखणे आणि बदललेल्या परिस्थितीत तो पुन्हा पाळून दाखवणे हेच या विषयाचे खरे शिक्षण आहे. ते तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयातील साध्या संगणकावरही देता येते. त्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. लागतो तो वाचता येणारा मजकूर आणि तो विद्यार्थ्यांसमवेत ओळीने वाचणारा शिक्षक.